शितावरून भाताची परीक्षा

मूल तिसरीत गेलं, वह्या भरलेल्या दिसल्या, प्रगतिपुस्तकावर सही झाली, की आपण बायका निश्चिंत होतो. पण मैत्रिणींनो, तेच मूल दुकानाची पाटी न अडखळता वाचतं का? मी अर्धवेळ शिक्षिका आहे. धडा घडाघडा म्हणणारं मूल अनोळखी पानावर गप्प होतं, हे मी वर्गात नेहमी पाहते. पाठांतर वेगळं आणि वाचन वेगळं.

नेमकं हेच तपासणारी 'असर' नावाची पाहणी २००५ सालापासून आपल्या देशातल्या खेड्यांतून होते. मुंबईच्या झोपडपट्टीतल्या मुलांसाठी सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेचं हे काम. निवडक गावांतल्या निवडक घरी कार्यकर्ते जातात आणि एकेका मुलाला तोंडी विचारतात. मूल पाचवीत असो की आठवीत, वाचायला मजकूर तोच, पहिली-दुसरीच्या पातळीचा! शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच.

आणि भात किती शिजलाय? २०१८ साली तिसरीतल्या शंभर मुलांपैकी सुमारे २७ मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. करोनात शाळा बंद राहिल्या आणि २०२२ साली हा आकडा २०.५ वर घसरला. २०२४ साली तो पुन्हा २७.१ झाला. त्याच वर्षी पाचवीतली निम्म्याहून अधिक मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकली नाहीत. अशा मुलाने इतिहास, विज्ञान वाचायचं तरी कसं? मग मूल 'ढ' ठरतं, आणि खरी अडचण कुणाच्या ध्यानातच येत नाही.

ही परीक्षा घरी सहज करता येते. मुलाने न पाहिलेला चार सोप्या वाक्यांचा उतारा द्या. तो नीट वाचला तर आठ-दहा ओळींची गोष्ट द्या. अडखळलं तर सुटे शब्द दाखवा. तेही जमले नाहीत तर अक्षरं. पाचांपैकी चार बरोबर आली म्हणजे ती पायरी जमली. गणितात ५२ मधून २७ वजा करायला सांगा. अशी दोन्ही उदाहरणं जमली तर तीन अंकी संख्येला एका अंकाने भागायला द्या. नाही जमली तर आधी ९९ पर्यंतचे आकडे ओळखता येतात का ते पाहा.

मूल ज्या पायरीवर थांबेल तिथूनच सुरुवात करायची. हातच्याची वजाबाकी अडली तर काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे बांधा. एक गठ्ठा सोडला की हातचा म्हणजे काय ते डोळ्यांना दिसतं. वाचनासाठी रोज पंधरा मिनिटं पुरतात. वाण्याची यादी, एसटीची पाटी, पाकिटावरची कृती, काहीही चालेल.

मात्र हातात छडी नको आणि शेजारच्या मुलाशी तुलनाही नको. तोच उतारा घोटून घेऊ नका, नाहीतर पुन्हा पाठांतरच व्हायचं! आणि पुढच्या पालकसभेत 'किती मार्क पडले?' याऐवजी बाईंना विचारा, "माझं मूल कुठे अडतं?" या प्रश्नाचं उत्तर हाती आलं, तर निम्मं काम झालंच म्हणून समजा.