गोणपाटावरचे शंभर दाणे

शेतीशाळेला माणसं जमवणं म्हणजे काय दिव्य असतं ते आम्हा विस्ताराच्या लोकांनाच ठाऊक. पारावरच्या मंडळींना दोनदा चहा पाजावा, तेव्हा कुठे पंधरा-वीस जण टेकतात. सगळे पुरुष. बायांना बोलवावं हे आमच्या डोक्यातच येत नसे. नोकरीची पहिली सहा-सात वर्षं मीही तेच केलं, हे आधीच कबूल करतो.

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात एका गावात घरच्या सोयाबीन बियाण्याची उगवण कशी तपासावी, हे दाखवत होतो. देवळाच्या ओट्याआड एक बाई उभी होती. मी गोणपाट भिजवलं, दाणे मांडले, गुंडाळी केली. मंडळी उठून गेली. बाई पुढं आली आन् म्हणाली, "साहेब, पुन्यांदा करून दाखवा. माझ्या हातानं करते, तुम्ही नुसतं बघा."

त्या वेळी तिचं वय सत्तेचाळीस होतं. नाव छापू नका अशी तिची अट आहे, म्हणून आपण काकूच म्हणू. आदल्या दिवाळीत नवऱ्याला लकवा झालेला. दोन्ही लेकी नांदायला गेलेल्या, मुलगा पुण्याकडे कंपनीत. चार एकर कोरडवाहू रान आणि घरात दोनच माणसं. त्याच्या मागच्या खरिपात विकत आणलेलं बियाणं उगवलंच नव्हतं, दुबार पेरणीनं कर्ज झालेलं. पिशवी कुणाची ते इथं सांगत बसत नाही.

पंचवीस वर्षं काकूंनी त्या रानात निंदणी केली, काढणी केली, मळणी केली. पण बी कोणतं घ्यायचं आणि माल कुणाला घालायचा, हे त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. "खुरपं माझं, पर पेरणीचा दिवस त्यांचा," असं त्या म्हणाल्या. तक्रारीचा सूर नव्हता, जे होतं ते सांगितलं.

आपल्याकडं बाईचं हे वय अवघडच. पाळी जायला लागते, अंगातून वाफा निघतात, रात्रीची झोप उडते. सून आली असेल तर चूल तिच्या हाती गेलेली. घरातली माणसं म्हणतात, आता देवदेव कर. काकूंच्या घरी तर जावेनं सरळच सांगितलं, रान बटईनं द्या अन् गप बसा. काकू गप बसल्या नाहीत, गोणपाट भिजवायला बसल्या.

ज्यांनी ही पद्धत पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गोणपाटाचा स्वच्छ धुतलेला तुकडा ओला करून पसरा. निवडलेले, बुरशी नसलेले दाणे नकोत, पोत्यातले मिळतील तसे शंभर दाणे घ्या. आपली फसवणूक आपणच करायची नाही. दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, वर दुसरा ओला तुकडा टाका आणि सैल गुंडाळी करून सावलीत ठेवा. रोज पाणी शिंपडा. सहा-सात दिवसांनी उघडून चांगले कोंब तेवढे मोजा. अशा तीन गुंडाळ्या करून सरासरी काढली की झालं. सत्तर निघाले तर एकरी तीस किलो बियाणं. सत्तरच्या खाली प्रत्येक टक्क्याला एकरी अर्धा किलो वाढवा. साठच्याही खाली आलं तर ते बी पेरू नका, बाजारात घाला.

काकूंची सरासरी बासष्ट आली. शाळा चौथीपर्यंतची, पण हिशोब बोटांवर पक्का. आठ टक्के कमी, म्हणजे एकरी चार किलो जास्त, म्हणजे चौतीस. चार एकराला एकशे छत्तीस किलो. मी कागदावर मांडेपर्यंत त्यांचं सांगून झालं होतं! मृगाचे दोन सरी पडल्या तशी गल्लीतल्यांनी तिफणी काढल्या. काकूंनी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस होईपर्यंत दम धरला. त्यासाठी मी दिलेलं मोजपात्र अंगणात ठेवलं होतं. ते आठ दिवस त्यांचा जीव टांगणीला होता. पेर हुकली असती तर साऱ्या भावकीनं बोल लावला असता, आणि खरं सांगायचं तर मलाही तोंड दाखवायला जागा नव्हती. सोयाबीन उगवलं. दुबार पेरायची वेळ आली नाही.

पुढच्या मे महिन्यात वस्तीतल्या बाया पदरात मूठ-मूठ दाणे घेऊन त्यांच्या ओसरीवर यायला लागल्या. मागच्या वर्षी त्या ओसरीत एका वेळी बावीस गुंडाळ्या मी स्वतः मोजल्या. आता काढणीच्या वेळी काकू मळणीयंत्रावर उभ्या राहून फेरे कमी ठेवायला लावतात. सोयाबीनची साल पातळ, दाण्याला मार बसला की उगवण गेली. पोतं आपटलं तर हमालालाही सोडत नाहीत.

प्रेरणा कुठून मिळाली, असं मी विचारलं तर त्या हसल्या. मग म्हणाल्या, टीव्हीवर एक लुगड्यातली बाई राष्ट्रपतींसमोर पाहिली होती. त्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. जन्म १९६४ चा, शाळेची पायरी चढलेल्या नाहीत. नातू आजारी पडला, तो बाजारच्या भाजीपाल्यामुळं असं त्यांच्या मनानं घेतलं आणि त्या गावठी बियाणं राखायला लागल्या. वालाचे कितीतरी वाण त्यांनी जपले. पुढे बायफ संस्थेची साथ मिळाली. २०१८ साली बीबीसीच्या शंभर महिलांच्या यादीत त्यांचं नाव आलं, २०२० साली पद्मश्री जाहीर झाली. म्हणजे बाईंचं नाव झालं ते पन्नाशी ओलांडल्यावर. संकरित वाण सगळेच वाईट, असं मी खात्याचा माणूस म्हणून म्हणणार नाही. पण घरात बी असलं की दुकानदाराचे पाय धरावे लागत नाहीत, हे मात्र खरं.

आता अडलंय ते सातबाऱ्यावर. काकूंना ठिबकसाठी अर्ज करायचा आहे आणि उतारा नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर. नवरा गेल्यावर बायको वारस होते, हे १९५६ च्या कायद्यापासून आहे. पण तो हयात असताना तिचं नाव लागावं म्हणून शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीची हाक दिली होती, आणि त्यानंतर १९९२ साली शासनाचं परिपत्रक निघालं. नवऱ्याच्या संमतीनं तहसील कार्यालयात अर्ज करून सहहिस्सेदार म्हणून पत्नीचं नाव लावता येतं. किती जणांनी लावलं? तुमच्याच घरचा उतारा काढून बघा.

काकूंच्या नवऱ्याला बोलताना अजून अडखळायला होतं. उजवा हात चालत नाही, म्हणून त्यांनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. पुतणे चार दिवस घरात आले नाहीत. फेरफाराची नोटीस चावडीवर लागली आहे, हरकतीला पंधरा दिवसांची मुदत. परवा गेलो तेव्हा नववा दिवस होता. काकू ओसरीवर गोणपाट उलगडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "साहेब, अजून सहा." मग पुन्हा कोंब मोजायला लागल्या.