बाग शेतकऱ्याची, चॉकलेटही शेतकऱ्याचे
घानाच्या कोको उत्पादकांनी परदेशातील शाळांतून उभी केलेली बाजारपेठ

कोको पिकतो आफ्रिकेत आणि चॉकलेट खाल्ले जाते युरोप-अमेरिकेत, अशी या धंद्याची जुनी वाटणी आहे. जगातील निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन शेजारी देशांतून येतो. तो पिकविणारे मोठे मळेवाले नाहीत. पाच-दहा एकरांची बाग, घरची माणसे आणि हातात कोयता, एवढ्या भांडवलावर तेथील शेतकरी शेती करतो. दुकानात चॉकलेट विकले जाते तेव्हा त्याच्या किमतीतले शंभरात सहा-सात एवढेच त्याच्या पदरात पडतात, असा सर्वसाधारण हिशेब सांगितला जातो. बाकीचा पैसा निर्यातदार, कारखानदार, जाहिरातदार आणि दुकानदार यांच्यात वाटला जातो.

माल आपला, पण नाव आणि नफा दुसऱ्याचा, ही तक्रार कोणत्याही कारागिराला नवीन नाही. घानाच्या काही हजार शेतकऱ्यांनी त्या तक्रारीवर एक उपाय करून पाहिला. त्यांनी परदेशात स्वतःची चॉकलेट कंपनी उभी केली आणि तिचा माल खपावा म्हणून ते थेट ब्रिटनमधील शाळांच्या वर्गात जाऊन उभे राहिले. हा प्रयोग कोठे यशस्वी झाला आणि कोठे अडला, हे आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंनी समजून घेण्यासारखे आहे.

काट्यापासून सुरुवात

घानात कोकोचा व्यापार पूर्वापार सरकारी कोको मंडळाच्या ताब्यात होता. १९९२-९३ च्या हंगामात सरकारने गावपातळीवरील खरेदी खासगी परवानाधारकांना खुली केली. निर्यात मात्र मंडळाकडेच राहिली. ही संधी साधून नाना फ्रिंपाँग अबेब्रेसे या शेतकरी प्रतिनिधीच्या पुढाकाराने १९९३ मध्ये 'कुआपा कोकू' ही सहकारी संस्था निघाली. त्वी भाषेत या नावाचा अर्थ 'चांगला कोको शेतकरी' असा होतो. तिचे ब्रीद 'पा पा पा', म्हणजे उत्तमात उत्तम. संस्थेचे मुख्य ठाणे कुमासी शहरात आहे. तिला सुरुवातीचा आधार 'ट्विन ट्रेडिंग' या ब्रिटिश संस्थेने दिला.

शेतकऱ्यांचे पहिले गाऱ्हाणे भावाचे नव्हते. भाव सरकार ठरवीत असे आणि तो सर्वांना सारखाच होता. गाऱ्हाणे होते काट्याचे. खरेदी करणारा कारकून मापात मारतो आणि पैसे चिठ्ठीवर ठेवून महिनोन्महिने रखडवतो, हा गावोगावचा अनुभव होता. कुआपाने गावातील शेतकऱ्यांनाच आपला वजनदार निवडून द्यायला सांगितले. माणूस गावचा, निवड गावाची आणि वजन सर्वांच्या डोळ्यांदेखत. मापात लबाडी झाली तर पुढच्या खेपेस त्याची खुर्ची जाणार, हे त्यालाही ठाऊक होते. एवढ्या साध्या गोष्टीवर संस्थेची पत बसली. सुमारे दोन हजार सभासदांवरून ती पुढे अर्ध्या लाखाच्या वर गेली.

हमीभाव आहे, पण गिऱ्हाईक कोठे?

१९९५ मध्ये संस्थेला 'फेअर ट्रेड', म्हणजे रास्त व्यापाराचे प्रमाणपत्र मिळाले. या व्यवस्थेत कोकोला एक किमान भाव ठरलेला असतो आणि त्यावर समाजकार्यासाठी काही जादा रक्कम द्यावी लागते. त्या काळी किमान भाव टनाला १,६०० डॉलर आणि जादा रक्कम १५० डॉलर होती. २००० साली जागतिक बाजारात कोको टनाला हजार डॉलरच्याही खाली घसरला, तेव्हा या हमीची किंमत सर्वांना कळली. जादा रकमेतून गावांत विहिरी खोदल्या गेल्या, शाळा बांधल्या गेल्या, फिरते दवाखाने निघाले. कोकोच्या टाकाऊ टरफलांच्या राखेपासून साबण बनविण्याचे काम बायकांनी सुरू केले.

पण येथेच खरी अडचण होती. किमान भाव आणि जादा रक्कम मिळते ती फक्त रास्त व्यापाराच्या अटींवर विकल्या गेलेल्या मालावर. बाकीचा माल नेहमीच्याच वाटेने जातो. कुआपाकडे माल भरपूर होता, परंतु या अटींवर घेणारे गिऱ्हाईक थोडे. प्रमाणपत्र भिंतीवर टांगून कोणाचे पोट भरत नाही. मागणी वाढवायची तर खाणाऱ्यापर्यंत पोहोचायला हवे होते, आणि मोठ्या कारखानदारांना त्याची गरज वाटत नव्हती.

म्हणून १९९७ च्या वार्षिक सभेत सभासदांनी ठराव केला की आपणच चॉकलेट काढायचे. १९९८ मध्ये लंडनमध्ये 'डे चॉकलेट कंपनी' स्थापन झाली आणि 'डिव्हाइन' नावाचे चॉकलेट बाजारात आले. ट्विन ट्रेडिंग व 'बॉडी शॉप' हे भागीदार होते. 'ख्रिश्चन एड' आणि 'कॉमिक रिलीफ' या संस्थांनी पाठबळ दिले आणि ब्रिटिश सरकारच्या विकास खात्याने कर्जाला हमी दिली. कंपनीचे एक तृतीयांश भाग कुआपाचे होते. संचालक मंडळावर शेतकऱ्यांचे दोन प्रतिनिधी बसत आणि वर्षातली एक बैठक घानात होई. २००६ मध्ये बॉडी शॉपने आपले भाग कुआपाला देऊन टाकले, तेव्हा शेतकऱ्यांचा वाटा ४५ टक्क्यांवर गेला. २००७ मध्ये कंपनीने 'डिव्हाइन' हेच नाव धारण केले आणि त्याच वर्षी अमेरिकेतही दुकान मांडले.

शेतकरी वर्गात आला

ब्रिटनच्या चॉकलेट बाजारात बड्या कंपन्या जाहिरातीवर पाण्यासारखा पैसा ओततात. नव्या कंपनीजवळ तेवढा पैसा नव्हता. तिच्याजवळ दुसऱ्या कोणाकडे नसलेली एक गोष्ट होती. कोको पिकविणारा माणूस तिचा मालक होता आणि तो स्वतः बोलू शकत होता.

ब्रिटनमध्ये दरवर्षी रास्त व्यापाराचा प्रचार करणारा पंधरवडा साजरा होत असे. त्या निमित्ताने कुआपाचे सभासद, त्यांत स्त्रियाही, गावोगाव फिरत. शाळा, प्रार्थनास्थळे, नगरसभागृहे आणि सहकारी भांडारे येथे त्यांची भाषणे होत. झाडावरून फळ कसे उतरवायचे, ते फोडून गरासह बिया कशा काढायच्या, केळीच्या पानांखाली पाच-सहा दिवस त्या कशा आंबवायच्या, मग चटयांवर उन्हात घालून वरचेवर हात फिरवीत कशा वाळवायच्या, हे ते मुलांना सांगत. आंबविण्यात घाई केली तर चॉकलेटला चवच येत नाही. म्हणजे चॉकलेटची अर्धी चव कारखान्यात नव्हे, तर शेतकऱ्याच्या अंगणात ठरते. ज्या मुलांना चॉकलेट म्हणजे केवळ रंगीत कागद ठाऊक होता, त्यांना त्यामागचा हात दिसला. आणि पिकविणाऱ्यांपैकी अनेकांनी कधी चॉकलेट चाखलेलेच नसते, हेही त्यांना प्रथमच कळले.

२००० मध्ये कंपनीने कॉमिक रिलीफच्या सोबतीने खास मुलांसाठी 'डबल' नावाचे चॉकलेट काढले. त्याचा प्रचार मुलांवरच सोपविला. शाळाशाळांतून मुले 'डबल एजंट' बनली. आपल्या भागातील दुकानदाराने हा माल ठेवावा, अशी मागणी करणारी कार्डे ती दुकानात नेऊन देत. दुकानदाराच्या दृष्टीने पाहा. कंपनीचा विक्रेता आला तर त्याला नाही म्हणता येते. रोजचे गिऱ्हाईक मुलाचा हात धरून मागायला आले तर नाही म्हणणे जड जाते.

शिक्षकांसाठी 'पा पा पा' याच नावाने पाठ्यसाहित्य तयार झाले. पुढे घाना आणि ब्रिटनमधील शाळकरी मुलांना पडद्यावरून समोरासमोर बोलता यावे, अशीही सोय करण्यात आली. लँकेशायरमधील गार्स्टँग या छोट्या गावाने २००० साली स्वतःला जगातील पहिले 'फेअर ट्रेड गाव' म्हणून जाहीर केले आणि नंतर घानातील न्यू कोफोरिडुआ या कोको पिकविणाऱ्या गावाशी नाते जोडले. गावे आणि शाळा अशा रीतीने सामील होऊ लागल्यावर बड्या दुकानदारांनाही दखल घ्यावी लागली. २००२ मध्ये ब्रिटनच्या सहकारी भांडारांनी आपल्या नावाने विकली जाणारी सगळी चॉकलेटची वडी रास्त व्यापाराच्या कोकोची केली. तो कोको कुआपाचा होता. २००९ मध्ये तर कॅडबरीने ब्रिटन व आयर्लंडमधील डेअरी मिल्कसाठी हे प्रमाणपत्र घेतले आणि कुआपाकडून मोठी खरेदी सुरू केली. शाळेच्या वर्गातून निघालेली मागणी अशी बाजाराच्या माथ्यावर पोहोचली.

नाण्याची दुसरी बाजू

या यशाबरोबर परीक्षाही आली. २०१० मध्ये बीबीसीच्या एका कार्यक्रमाने घानातील कोकोच्या बागांत लहान मुले राबत असल्याचे दाखविले. त्यात कुआपाची सभासद गावेही निघाली. सेफ्वी असाविन्सो भागातील ३३ पैकी ७ गावसंस्थांना काही काळ निलंबित करावे लागले. ज्या मालाची ओळखच इमानदारीवर उभी आहे, त्याच्यावरचा डाग साध्या मालापेक्षा अधिक ठळक दिसतो. हजारो बागांवर देखरेख ठेवणे सोपे नाही. परंतु शाळेतल्या मुलाला जे सांगितले ते बागेत खरे असलेच पाहिजे, आणि त्याचा जाब गिऱ्हाईक मागणारच.

दुसरा फटका बाजाराचा. २०१६ मध्ये कॅडबरीच्या मालकांनी हे प्रमाणपत्र सोडून स्वतःच्या योजनेचा शिक्का पुढे केला. बड्या गिऱ्हाइकाने पाठ फिरविली की छोट्या विक्रेत्याच्या हाती फारसे काही राहत नाही, हे पुन्हा दिसले. शेवटी २०२० मध्ये डिव्हाइन कंपनीचा मोठा हिस्सा जर्मनीच्या लुडविग वाइनरिश या कारखान्याने घेतला. हाच कारखाना अनेक वर्षे डिव्हाइनचे चॉकलेट करारावर बनवून देत होता. शेतकऱ्यांचा वाटा ४५ वरून २० टक्क्यांवर आला. नाव शेतकऱ्यांचे होते, यंत्रे मात्र दुसऱ्याची होती, आणि भांडवलाची गरज पडली तेव्हा यंत्रांचा मालक वरचढ ठरला.

भावाचेही गणित बदलले. २०१९ मध्ये किमान भाव २,४०० डॉलर झाला होता. पश्चिम आफ्रिकेत पीक बुडाल्याने २०२४ मध्ये बाजारभावच टनाला दहा हजार डॉलरच्या पुढे गेला आणि २०२५ संपेपर्यंत जवळपास निम्म्यावर उतरला. घानाचे मंडळ माल आगाऊ विकत असल्याने तेजीचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घरी पोहोचलाच नाही.

आपल्यासाठी काय?

या साऱ्या हकीगतीतून व्यापारी व कारागिरांनी तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली, विश्वासाची सुरुवात काट्यापासून होते. कुआपाने परदेशात बोलण्याआधी गावातले वजन सरळ केले. दुसरी, बनविणाऱ्याने स्वतः समोर येऊन आपल्या कामाची माहिती दिली, तर लहान भांडवलातही गिऱ्हाईक जोडता येते. मूल गिऱ्हाईक झाले की त्याचे घर गिऱ्हाईक होते. तिसरी गोष्ट कडू आहे. कंपनीत भाग असणे आणि कंपनी ताब्यात असणे यांत अंतर आहे. नाव, भांडवल आणि कारखाना यांपैकी किमान दोन गोष्टी हाती नसतील, तर अडचणीच्या दिवशी मालकी टिकत नाही.

तरीही २० टक्के म्हणजे शून्य नव्हे. कोकोच्या पोत्यापलीकडे ज्यांचा हक्क कधी पोहोचत नव्हता, ते शेतकरी चॉकलेटच्या नफ्यात भागीदार झाले. आपल्या मालाचे पुढे काय होते, तो कोण विकतो आणि किती नफ्याने विकतो, हे विचारण्याची सवय त्यांना लागली. भागीदारी करणाऱ्या प्रत्येक कारागिराने हीच विचारपूस कागदावर सही करण्यापूर्वी करावी.