खोक्यातलं दूध : बदनामी खरी किती, खोटी किती?

"माय वं, यामा काय टाकतस? सहा महिना नासत कसं नही?"

किराणा दुकानाच्या फळीवर फ्रीजबाहेर मांडलेली दुधाची खोकी बघून हा प्रश्न आपल्याकडे हमखास निघतो. जळगाव असो की धुळे, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की सकाळी रतीबाचं घेतलेलं दूध तापवायला तासभर उशीर झाला तरी पातेल्यात फुटतं. मग हे खोक्यातलं दूध महिनोन्‌महिने कसं राहतं? नक्कीच काहीतरी औषध घातलं असणार! सासूबाई म्हणतात, "ते दूध नव्हे, पावडरीचं पाणी." शेजारीण म्हणते, "आतून मेण लावलेलं असतं म्हणे." आणि पाहुण्यांसमोर खोकं कापून चहा ठेवला, तर "हिला साधं दूध तापवायचाही कंटाळा" असा शिक्का बसतो तो वेगळाच.

मैत्रिणींनो, गंमत बघा. तशाच कागदी खोक्यातली फ्रूटी १९८५ पासून आपण मुलांच्या हातात बिनदिक्कत देतोय. त्या खोक्याला नळी टोचताना कुणी "मेण आहे का?" असं विचारत नाही. मग त्यात दूध भरलं की तेच खोकं एकदम संशयित का होतं? एकदा नीट तपासूनच बघू या.

टिकतं कसं?

दूध नासतं ते त्यातल्या जिवाणूंमुळे. हे जिवाणू दुधातली साखर खाऊन आम्ल तयार करतात, आणि उन्हाळ्यात त्यांची वाढ भराभर होते. म्हणजे दूध टिकवायचं तर दोनच गोष्टी करायच्या : आतले जिवाणू मारायचे आणि बाहेरचे आत येऊ द्यायचे नाहीत.

पिशवीतलं दूध, मग ते आपल्या जळगाव जिल्हा दूध संघाचं 'विकास' असो की आणखी कुठलं, पाश्चराइज्ड असतं. ते साधारण ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड करतात. रोगाचे जंतू त्यात मरतात, पण काही चिवट जिवाणू शिल्लक राहतात. म्हणून पिशवी फ्रीजमध्ये ठेवावी लागते.

खोक्यातलं दूध १३५ अंशांच्या वर, पण फक्त काही सेकंद तापवतात. एवढ्या उष्णतेत ते चिवट जिवाणूही मरतात. मग आधीच निर्जंतुक केलेल्या खोक्यात, बाहेरची हवा लागू न देता ते भरून बंद करतात. खोक्याला सहा थर असतात. त्यात कागद सगळ्यात जास्त, प्लास्टिकचे पातळ थर आणि मध्ये ॲल्युमिनियमचा वर्ख. वर्खामुळे उजेड आणि हवा आत शिरत नाही. दुधाला लागून असतो तो प्लास्टिकचा थर, मेण नव्हे. आणि टिकवण्याचं औषध? दुधात ते घालायला आपल्या देशात कायद्यानेच बंदी आहे. शिवाय ते घालायची गरजही नाही.

आपल्याला हे शास्त्र नवं नाही. लोणच्यावर तेलाचा थर का ठेवतो? हवा लागू नये म्हणून. बरणी उन्हात का तापवतो? आत ओल आणि जंतू राहू नयेत म्हणून. खोक्याने वेगळं काय केलं? तेच केलं, फक्त यंत्राने.

स्वीडनच्या रूबेन राउसिंग यांच्या टेट्रा पॅक कंपनीने १९५१ मध्ये चार बाजूंचं, समोशासारखं दिसणारं कागदी खोकं आणलं. 'टेट्रा' म्हणजे ग्रीक भाषेत चार, त्यावरून हे नाव पडलं. १९६१ मध्ये त्यात निर्जंतुक दूध भरायचं तंत्र आलं. ज्यांच्याकडे फ्रीज नाही किंवा वीज बेभरवशाची आहे, त्यांच्यासाठी ही मोठीच सोय होती. भारनियमनाचे दिवस आठवणाऱ्या खानदेशातल्या बायकांना ती वेगळी समजावून सांगायला नको!

पातळ का लागतं?

"पाण्यासारखं लागतं," ही दुसरी तक्रार. ती खरी आहे, पण दोष खोक्याचा नाही. दुकानात मिळणारी बरीच खोकी 'टोन्ड' दुधाची असतात, आणि टोन्ड दुधात स्निग्धांश साधारण ३ टक्के असतो. आपल्या म्हशीच्या दुधात तो ६-७ टक्के. जिभेला म्हशीच्या दुधाची सवय, मग टोन्ड दूध पातळ लागणारच. पिशवीतलं टोन्ड दूधही तसंच लागतं. खोक्यावर 'फुल क्रीम' लिहिलं असेल तर तेच दूध दाट लागेल.

हे टोन्ड दूध मूळचं आपल्या मुंबईचं बरं का! मुंबईच्या दूध योजनेचे दारा खुरोडी यांनी १९४६ मध्ये ते आणलं. म्हशीच्या दाट दुधात साय काढलेल्या दुधाची पावडर आणि पाणी मिसळून स्निग्धांश कमी करायचा, म्हणजे तेवढ्याच दुधात जास्त घरांना स्वस्त दूध मिळतं. खुरोडींना १९६३ मध्ये डॉ. वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्यासोबत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेव्हा 'पावडरीचं पाणी' म्हणून नाक मुरडण्याआधी खोक्यावर काय लिहिलंय ते वाचावं.

वाइनच्या खोक्याची गोष्ट

अशी बदनामी एकट्या दुधाच्याच वाट्याला आली असं नाही. परदेशात वाइनच्या खोक्याचंही हेच झालं. वाइन प्यावी की न प्यावी हा वाद बाजूला ठेवू, गोष्ट मात्र ऐकण्यासारखी आहे.

१९५५ च्या सुमारास अमेरिकेत विल्यम शोल यांनी मोटारीच्या बॅटरीतलं आम्ल न्यायला खोक्यात बसणारी प्लास्टिकची पिशवी तयार केली. १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या थॉमस अँगोव्ह यांनी तीच कल्पना वाइनसाठी वापरली. पुढे तिला तोटीही आली. वाइन काढाल तशी आतली पिशवी आकसत जाते, त्यामुळे हवा आत शिरत नाही. बाटली उघडली की वाइन काही दिवसांत उतरते, खोक्यातली मात्र उघडल्यावरही काही आठवडे चांगली राहते. इतकी सोयीची वस्तू, पण नाव झालं 'हलकी वाइन' असं. का? तर सुरुवातीला त्यात स्वस्तातली वाइन भरली गेली. दोष भरलेल्या मालाचा आणि शिव्या खोक्याला!

याच जातीच्या निर्जंतुक पिशव्या आपल्या जळगावातही वापरल्या जातात. जैन उद्योगसमूहाच्या कारखान्यात आंब्याचा, केळ्याचा गर काढून तो असाच हवाबंद भरून देशोदेशी जातो. आणि दुधाच्या पिशवीवर छापलेला तो 'पाश्चराइज्ड' शब्द? लुई पाश्चर यांनी १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये तापवण्याची ती रीत शोधली, ती वाइन बिघडू नये म्हणून. दुधाला ती नंतर लागू झाली. म्हणजे वाइनच्या पिंपातून निघालेली ही रीत आज आपल्या चहाच्या पातेल्यापर्यंत आली आहे!

मग ताजं दूध किती चांगलं?

"डोळ्यांसमोर काढलेलं दूध ते खरं." हे वाक्य ऐकायला गोड आहे. पण गुराला क्षय किंवा ब्रुसेलोसिससारखा आजार असेल, तर त्याचे जंतू कच्च्या दुधातून माणसापर्यंत येतात, मग धार डोळ्यांसमोर काढलेली का असेना. म्हणून ताजं दूध चांगलंच, पण उकळलेलं. धारोष्ण दूध पौष्टिक म्हणून गरोदर बाईला किंवा लहान मुलाला कच्चं पाजायची जुनी पद्धत घातक आहे. आईआजीने सांगितली असली तरी ती सोडायलाच हवी.

भेसळीचं काय? अन्न सुरक्षा प्राधिकरणाच्या २०११ च्या पाहणीत ६८ टक्के नमुने प्रमाणात बसले नाहीत, तेव्हा देशभर खळबळ उडाली. पण त्यातला मोठा दोष होता घातलेल्या पाण्याचा. २०१८ मध्ये त्यांनी ६,४३२ नमुने तपासले. आरोग्याला घातक अशी भेसळ निघाली फक्त १२ नमुन्यांत. मात्र ३६८ नमुन्यांत अफ्लाटॉक्सिन हे विष मर्यादेपेक्षा जास्त सापडलं, आणि तेही सुट्या दुधापेक्षा प्रक्रिया केलेल्या दुधात अधिक.

हे विष येतं कुठून? बुरशी लागलेल्या पशुखाद्यातून. आपला कापसाचा मुलूख, गुरांना सरकीची ढेप घालणारा. ढेप ओलसर जागी पडून राहिली की तिला बुरशी लागते आणि विष दुधात उतरतं. ते घरच्या उकळीने जात नाही आणि कारखान्यातल्या १३५ अंशांनीही जात नाही. म्हणजे खरी काळजी गोठ्यातल्या ढेपेची करायला हवी, आणि आपण खोक्याकडे डोळे वटारून बसलोय! ज्यांच्या दारी गाय-म्हैस आहे त्यांनी ढेप कोरड्या जागी, जमिनीपासून उंचावर ठेवावी आणि बुरशी दिसली की टाकून द्यावी. ज्या रतीब घेतात, त्यांनी दूधवाल्याला एवढं तरी विचारावं.

खोक्याचे खरे दोष

म्हणजे खोक्यात काही खोट नाहीच का? आहे ना!

पहिली म्हणजे किंमत. लिटरमागे ते पिशवीपेक्षा महाग पडतं. रोज दोन लिटर दूध लागणाऱ्या घराला ते परवडणारं नाही.

दुसरी म्हणजे साय. या दुधातली चरबी यंत्राने बारीक फोडलेली असते, त्यामुळे जाड साय धरत नाही. साय नाही म्हणजे लोणी नाही, लोणी नाही म्हणजे घरचं तूप नाही. आखाजीला माहेरी आलेल्या लेकीच्या पानात खापरावरच्या पुरणपोळीवर तूप वाढायचं, तर ते खोक्यातून यायचं नाही. विरजण लावलं तर दही लागतं, पण जरा सैल. पनीरही नीट बांधलं जात नाही.

तिसरी म्हणजे चव. जास्त तापवल्याने किंचित 'शिजका' वास येतो. चहात, खिरीत तो कळत नाही, नुसतं प्यायला मात्र काहींना आवडत नाही. प्रथिनं आणि कॅल्शियम शाबूत राहतात. काही जीवनसत्त्वं थोडी कमी होतात, पण ती घरी तीन-तीन वेळा उकळतानाही कमी होतातच.

चौथी म्हणजे कचरा. खोक्यातला कागद वेगळा करून पुन्हा वापरता येतो, उरलेल्या थरांचे पत्रे आणि फळ्याही होतात. पण त्यासाठी खोकी वेगळी गोळा व्हायला हवीत. घंटागाडीत सगळ्यात मिसळून टाकली तर ती उकिरड्यावरच जातात.

वापरताना एवढं लक्षात ठेवा

• खोक्यावरची तारीख आणि टोन्ड की फुल क्रीम, हे वाचूनच घ्या. फुगलेलं, चेपलेलं किंवा गळणारं खोकं घेऊ नका. दुकानदाराने उन्हात मांडलेलंही नको.

• बंद खोक्याला फ्रीज लागत नाही, पण गारवा लागतो. शेगडीजवळ किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नका. माठाशेजारचा कोपरा बरा.

• हे दूध पुन्हा उकळायची गरज नाही. हवं तर फक्त कोमट करा.

• एकदा कापलं की त्याचं सगळं वेगळेपण संपलं. फ्रीजमध्ये ठेवून दोन दिवसांत संपवा. फ्रीज नसेल तर पाव लिटरची लहान खोकी घ्या आणि लगेच वापरा.

• कापलेलं दूध आंबट न होताही बिघडू शकतं. वास किंवा चव कडवट वाटली तर टाकून द्या.

• पहिले सहा महिने बाळाला फक्त आईचं दूध. वर्षाच्या आतल्या बाळाला आईच्या दुधाऐवजी पिशवीचं, खोक्याचं किंवा गोठ्यातलं दूध सुरू करू नका. काही अडचण असेल तर डॉक्टरांना विचारा.

आता हिशेब मांडा. रोजचा रतीब किंवा पिशवी बंद करून खोकी आणावीत, असं कुणी म्हणत नाही. साय, विरजण, तूप यांसाठी आपलं नेहमीचं दूधच खरं. पण रात्रीच्या गाडीने लहान मुलांना घेऊन निघायचंय, अवेळी पाहुणे आलेत, दूधवाल्याने खाडा केलाय, किंवा नोकरीवरून सात वाजता घरी पोचणारीला दुधासाठी पुन्हा बाहेर पडायचं नाही, अशा वेळी फडताळात एक खोकं असणं हा आळस नव्हे, ती तजवीज आहे. पापड-कुरडया वर्षभराच्या करून ठेवणाऱ्या बाईला आपण 'टुकीने संसार करणारी' म्हणतो. मग दुधाचं एक खोकं जपून ठेवणारीला नावं का ठेवायची?