नाव पुसले तरी उरणारी फाईल

संगणकावरील फाईल आणि त्या फाईलचे नाव या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या रचनेतील एक पायाभूत तत्त्व आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन, डेनिस रिची व त्यांच्या सहकाऱ्यांनी जिचा पाया घातला त्या युनिक्समध्ये, आणि तिच्याच धर्तीवर घडलेल्या लिनक्समध्ये, फाईलचा आकार, मालक, परवानग्या आणि मजकूर डिस्कवर कोठे आहे याचा तपशील ‘इनोड’ या नोंदीत असतो. या नोंदीला क्रमांक असतो, नाव नसते. नावे डिरेक्टरीत राहतात, आणि डिरेक्टरी म्हणजे नावे व इनोड क्रमांक यांच्या जोड्यांचा तक्ता होय. रोहा तालुक्यातील वरसे घ्या किंवा महाराष्ट्रातील दुसरे कोणतेही गाव, सातबाऱ्यावर भूमापन क्रमांकाबरोबर ‘शेताचे स्थानिक नाव’ असाही रकाना असतो; ते नाव बोलण्यातून गेले तरी क्रमांक आणि जमीन जागच्या जागी राहतात, तसाच हा संबंध आहे.

एखादा प्रोग्रॅम फाईल उघडतो तेव्हा ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, नावावरून इनोड शोधतो, परवानगी तपासतो आणि प्रोग्रॅमच्या हाती एक लहान पूर्णांक देतो. यालाच फाईल डिस्क्रिप्टर म्हणतात. ०, १ आणि २ हे आकडे नेहमीचे आदान, प्रदान आणि त्रुटिसंदेश यांसाठी ठरलेले असल्याने नव्याने उघडलेल्या फाईलला बहुधा ३ मिळतो. यापुढचे सारे वाचन-लेखन या आकड्याद्वारे होत असल्यामुळे फाईलचे नाव मध्येच बदलले, तरी चालू काम अडत नाही.

नाव काढून टाकणाऱ्या आज्ञेला ‘अनलिंक’ म्हणतात. ती फक्त डिरेक्टरीतील जोडी पुसते. इनोड आणि त्याची जागा तेव्हाच मोकळी होते, जेव्हा त्याला एकही नाव उरत नाही आणि कोणत्याही प्रोग्रॅमने ती फाईल उघडी ठेवलेली नसते. म्हणून तात्पुरती फाईल तयार करून लगेच अनलिंक करण्याची पद्धत रूढ झाली: प्रोग्रॅम अकस्मात बंद पडला, तरी कर्नल डिस्क्रिप्टर मिटवतो आणि मागे कचरा राहत नाही. याच नियमामुळे नोंदींची मोठी लॉग फाईल पुसूनही डिस्क भरलेलीच दिसते. ती लिहिणारी सेवा पुन्हा सुरू केली की जागा सुटते. सुरक्षेची दुरुस्ती असलेली नवी लायब्ररी जुन्या नावाने बसवली, तरी आधीपासून चालू असलेला प्रोग्रॅम जुनीच प्रत वापरत राहतो, हाही त्याचाच परिणाम आहे.

नावावर वारंवार विसंबणे धोक्याचे असते, कारण तपासणी आणि वापर यांमधल्या क्षणात दुसरा कोणी त्याच नावाखाली वेगळी फाईल आणून ठेवू शकतो. म्हणून आधी फाईल उघडून मग डिस्क्रिप्टरवरच तपासणी करणे अधिक सुरक्षित ठरते. २०१३ मधील लिनक्स ३.११ ने तर जन्मतःच निनावी फाईल तयार करण्याची सोय दिली. मजकूर पूर्ण झाल्यावर तिला नाव देता येत असल्याने अर्धवट लिहिलेली फाईल कोणाच्या नजरेस पडत नाही.

या तत्त्वाला मर्यादाही आहेत. एनएफएस या नेटवर्कवरील फाईल व्यवस्थेच्या जुन्या आवृत्त्यांत सर्व्हरला कोणती फाईल उघडी आहे हे कळत नाही, म्हणून उघडी फाईल पुसली की वापरकर्त्याच्या बाजूचे यंत्र तिला गुप्त नाव देऊन जपते. असे अपवाद वगळता नियम स्पष्ट आहे: नाव फाईलपर्यंत पोहोचण्यासाठी असते, ती हाती धरण्यासाठी डिस्क्रिप्टर असतो, आणि जो प्रोग्रॅमर नाव एकदाच वापरून पुढे डिस्क्रिप्टरच्याच आधारे काम करतो, त्याचा प्रोग्रॅम इतरांनी केलेल्या बदलांपासून अधिक सुरक्षित राहतो.