पेण-रोह्याचे बेने इस्राईल आणि एका लहान राष्ट्राचे परराष्ट्रधोरण

परराष्ट्रधोरण म्हटले की दिल्ली, न्यूयॉर्क, जिनीव्हा अशी दूरची नावे आपल्या डोळ्यांपुढे येतात. पेण आणि रोहा या गावांचा त्या विषयाशी काही संबंध असेल असे सहसा कोणास वाटणार नाही. परंतु या दोन गावांतून व त्यांच्या आसपासच्या खेड्यांतून गेलेली कितीतरी कुटुंबे आज इस्राईलमधील दिमोना, बीरशेबा, अश्दोद, लोद, रामले या शहरांत राहतात आणि पेणकर, रोहेकर, अष्टमकर, वाक्रूळकर अशी आडनावे तेथे लावतात. त्यांचे कोकणातून तिकडे जाणे, तेथे त्यांच्या जन्मशुद्धीविषयी उठलेला वाद आणि त्या वादाचा निकाल, ही हकिकत वाचली म्हणजे परराष्ट्रधोरण, मानवी हक्क आणि दूतावासाचे कामकाज हे तीन विषय एकमेकांत कसे गुंतलेले असतात ते स्पष्ट होते. आंबेडकरी वाचकाला तर या हकिकतीतील मुख्य प्रश्न नव्याने समजावून सांगण्याची गरज पडू नये.

बेने इस्राईल म्हणजे इस्राईलची संतती. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक गलबत फुटले, त्यातून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून ही जमात वाढली, अशी तिची परंपरागत कथा आहे. कथेचा काळ निश्चित करता येत नाही. मात्र कोकणातील तेल्याचा घाणा चालविणारे, मराठी बोलणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे लोक ‘शनिवार तेली’ या नावाने ओळखले जात, ही गोष्ट निर्विवाद आहे. धर्मग्रंथ त्यांच्याजवळ राहिला नव्हता, हिब्रू भाषा विसरली गेली होती. शब्बाथ, सुंता, आहाराचे काही नियम आणि ‘शमा’ ही एक प्रार्थना एवढे मात्र टिकले. दाविद रहाबी नावाच्या ज्यू गृहस्थाने त्यांची पारख केली ती मासळीवरून, असे सांगतात. बायकांपुढे निरनिराळी मासळी ठेवली असता त्यांनी पर व खवले असलेली तेवढीच निवडली. पुढे इंग्रजी अमदानीत ही मंडळी मुंबईस आली, पलटणीत, रेल्वेत, इस्पितळांत व कचेऱ्यांत नोकऱ्या करू लागली. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनालय बांधले. कोकणातील लोक त्याला ‘मशीद’च म्हणत, आणि मशीद बंदर हे नाव त्यावरूनच पडले असे सांगितले जाते. पेण येथे आणि रोह्यास कुंडलिकेपलीकडील अष्टमी येथेही एकोणिसाव्या शतकात त्यांची प्रार्थनालये उभी राहिली. १९३७ साली मुंबईचे महापौर झालेले डॉ. ई. मोझेस याच जमातीचे होते.

येथे एक गोष्ट झाकून ठेवणे योग्य होणार नाही. या जमातीत ‘गोरे’ आणि ‘काळे’ असे दोन भेद होते. ज्यांच्या वंशात अन्य समाजातील स्त्रीशी संबंध झाला असे मानले जाई ते ‘काळे’, आणि ‘गोरे’ त्यांच्याशी बेटीव्यवहार करीत नसत. भारतात राहून जातिव्यवस्थेचा वारा लागला नाही असा समाज सापडणे कठीण. पुढे ज्या प्रश्नाने या लोकांना उपोषणास व संपास प्रवृत्त केले तोच प्रश्न त्यांनी आपल्या घरात आपल्याच माणसांना विचारला होता.

इस्राईलचे राज्य १४ मे १९४८ रोजी स्थापन झाले. पॅलेस्टाईनच्या फाळणीच्या योजनेविरुद्ध भारताने २९ नोव्हेंबर १९४७ रोजी संयुक्त राष्ट्रसंघात मत दिले होते, आणि १९४९ साली इस्राईलला सभासदत्व देण्यासही विरोध केला होता. १७ सप्टेंबर १९५० रोजी मात्र भारताने त्या राज्यास मान्यता दिली. मान्यता दिली, पण राजदूतांची देवघेव केली नाही. काश्मीरप्रश्नी अरब राष्ट्रांची मते, तेल, देशातील मुसलमान समाजाच्या भावना आणि अलिप्ततेचे धोरण अशी त्याची कारणे होती. १९५३ साली मुंबईत इस्राईलचा वाणिज्य दूतावास सुरू झाला आणि पुढील जवळजवळ चाळीस वर्षे भारतात त्या राष्ट्राचे एवढेच अधिकृत घर होते.

वकिलात आणि वाणिज्य दूतावास यांतील भेद येथे थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण सर्वसाधारण वाचक दोन्हींना ‘दूतावास’ म्हणून मोकळा होतो. वकिलात ही एका सरकारने दुसऱ्या सरकारशी बोलण्याची जागा. ती राजधानीत असते व तेथे राजकीय प्रश्नांची चर्चा होते. वाणिज्य दूतावास हा माणसांच्या कामासाठी असतो. प्रवेशपत्र देणे, पारपत्र नवे करणे, जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदी घेणे, परमुलखात अडकलेल्या आपल्या नागरिकाची विचारपूस करणे, ही त्याची कामे. पहिल्याचे नियम १९६१ च्या व्हिएन्ना करारात आहेत, दुसऱ्याचे १९६३ च्या. राजनैतिक संबंध तुटले म्हणून वाणिज्यदूतविषयक संबंध आपोआप तुटत नाहीत, असे १९६३ चा करार सांगतो. याच कराराच्या छत्तिसाव्या कलमाने अटकेतील परकीय नागरिकाला आपल्या देशाच्या प्रतिनिधीस भेटण्याचा हक्क दिला आहे. मूळचे महाराष्ट्रातील कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात पाकिस्तानने या कलमाचा भंग केला असा निर्णय आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १७ जुलै २०१९ रोजी दिला तेव्हा हे कलम आपल्याकडील वर्तमानपत्रांतून घरोघर पोहोचले.

मुंबईच्या त्या दूतावासाचे काम म्हणजे मुख्यत्वे बेने इस्राईलांचे काम होते. इस्राईलच्या १९५० च्या ‘परतीच्या कायद्या’ने प्रत्येक ज्यूला तेथे जाऊन नागरिक होण्याचा हक्क दिला होता. लहान राष्ट्राला माणसे हवी होती, आणि कोकणातील मनुष्याला, ज्याच्याशी कोणी वैर केले नव्हते अशालाही, आपल्या धर्मग्रंथातील भूमीची ओढ होती. १९५१ च्या जनगणनेत भारतात सुमारे सव्वीस हजार ज्यू होते. २०११ च्या जनगणनेत ते पाच हजारांहूनही कमी भरले. या लोकांना भारतातून कोणी हाकलले नाही, ही बाब युरोपच्या इतिहासाशी ताडून पाहण्यासारखी आहे.

पण तेथे पोहोचल्यावर काय झाले? आरंभी गेलेल्यांपैकी काहींनी नोकरी, घर व वागणूक यांत आपल्या काळ्या वर्णामुळे भेद होतो अशी तक्रार केली, १९५१ साली धरणे धरले आणि आम्हांला भारतात परत पाठवा अशी मागणी केली. १९५२ साली शंभराहून अधिक माणसे खरोखरच परत आणली गेली. त्यांपैकी बरीच पुढे पुन्हा इस्राईलला गेली. त्या काळी इस्राईलमध्ये भारताची वकिलात नव्हती. ज्याने देश सोडला त्याची दाद मागावयास मागचा देश तेथे हजर नव्हता, आणि पुढचा देश त्यास अद्याप पुरता आपला म्हणत नव्हता.

खरा पेच विवाहाचा होता. इस्राईलमध्ये ज्यूंचे विवाह व घटस्फोट १९५३ च्या कायद्याने पूर्णपणे धर्मपीठाच्या हाती दिले आहेत. नोंदणी विवाहाची सोय त्या देशात नाही. काही धर्मगुरूंनी अशी शंका काढली की, ही जमात शेकडो वर्षे शास्त्रापासून दूर राहिली. त्या काळात तिच्यातील काडीमोड शास्त्रोक्त झाले असतील काय? विधवांचे पुनर्विवाह नियमाप्रमाणे झाले असतील काय? अन्य समाजांशी संकर झाला नसेल कशावरून? निषिद्ध संबंधातील संततीशी विवाह त्या धर्मशास्त्राला मान्य नाही. १९६१ साली मुख्य धर्मपीठाने बेने इस्राईलांशी विवाहास तत्त्वतः मोकळीक दिली, पण १९६२ साली विवाहनोंदणी करणाऱ्यांना सूचना गेल्या की बेने इस्राईल वधूची वा वराची मातृपक्षाकडील वंशावळ जाईल तितकी मागे तपासावी. ही तपासणी त्यांचे नाव घेऊन सांगितली होती, हेच त्यातील शल्य होते.

दीघनिकायातील अंबट्ठसुत्त ज्यांनी वाचले असेल त्यांना या ठिकाणी त्याचे स्मरण होईल. कुळाचा अभिमान मिरविणाऱ्या अंबट्ठाला भगवंत सांगतात की, जन्माची व गोत्राची चर्चा, ‘तू मला योग्य’ आणि ‘तू मला अयोग्य’ हे बोलणे, जेथे सोयरीक करावयाची असते तेथे चालते. विद्येच्या व आचरणाच्या श्रेष्ठतेशी त्याचा संबंध नाही. जातिभेदाचे मूळ बेटीबंदीत आहे हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या आपल्या निबंधात मांडले होते. अट्ठकथेतील विडूडभाची कथा तर एका लहान राज्याच्या परराष्ट्रधोरणाचीच कथा आहे. कोसलाच्या छायेत असलेल्या शाक्यांकडे पसेनदी राजाने कन्या मागितली. नकार देण्याचे बळ नाही आणि कन्या द्यावी तर कुळ बाटते, म्हणून शाक्यांनी महानामाला दासीपासून झालेली वासभखत्तिया राजकन्या म्हणून पाठविली. तिचा पुत्र विडूडभ आजोळी आला. तो बसला होता ते आसन त्याच्या पाठीमागे दुधाने धुतले गेले. ते त्याच्या कानी गेले आणि शाक्यांचा संहार झाला. कथेतील इतिहास किती हे अभ्यासकांनी ठरवावे.

बेने इस्राईलांनी १९६२ पासून दोन वर्षे सभा, मोर्चे, उपोषणे केली. १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये त्यांनी मोठे आंदोलन केले. प्रश्न राष्ट्राबाहेरही गाजू लागला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्याचे सोळावे कलम वंश, राष्ट्रीयत्व वा धर्म यांचे बंधन न ठेवता विवाहाचा हक्क देते. याच जाहीरनाम्याच्या पहिल्या कलमात ‘सर्व पुरुष’ या अर्थाच्या शब्दांऐवजी ‘सर्व माणसे’ असा बदल भारताच्या हंसा मेहता यांच्यामुळे झाला, हे जाता जाता नमूद करतो. वंशद्वेषाचे भयंकर बळी ठरलेल्या लोकांचे राष्ट्र, आणि त्यातच वर्ण व वंश यांवरून विवाहास अडथळा! नव्याने स्वतंत्र झालेल्या आशियाई-आफ्रिकी राष्ट्रांची मैत्री इस्राईलला हवी होती, १९५५ च्या बांडुंग परिषदेचे निमंत्रण त्याला मिळाले नव्हते. अशा वेळी ही बातमी त्याला परवडण्यासारखी नव्हती. ऑगस्ट १९६४ मध्ये पंतप्रधान लेव्ही एश्कोल यांच्या सरकारने संसदेचे खास अधिवेशन घेतले आणि बेने इस्राईल हे सर्व बाबतींत, व्यक्तिगत कायद्याच्या बाबतीतही, कोणत्याही भेदाविना ज्यू आहेत असा ठराव झाला. महिनाअखेरीस धर्मपीठाने सूचनांतून त्यांचे नाव काढले. तपासणीचा अधिकार मात्र त्याने सोडला नाही. शंका आल्यास कोणाचीही चौकशी करता येईल असे सामान्य शब्द घातले. नाव गेले, पण चौकशी राहिली. कायद्याने दिलेला विजय बहुधा असाच अर्धा असतो, आणि तरी तो अर्धाही मोलाचा असतो.

हा विजय मिळाला तो त्यांना मत होते, ते नागरिक होते म्हणून. १९६७ पासून लष्करी ताब्यात असलेल्या पश्चिम तीरावरील पॅलेस्टिनी माणसाला त्या संसदेसाठी मत नाही. एका जमातीला समान ठरविणारे राष्ट्र दुसऱ्या लोकसमूहाबाबत वेगळे वागू शकते, ही विसंगती मानवी हक्कांची भाषा बोलणाऱ्याने नजरेआड करू नये, मग तो बोलणारा कोणत्याही पक्षाचा असो.

भारताची भूमिकाही एकसारखी राहिली नाही. १९७५ साली झायोनिझम हा वंशवादाचा प्रकार आहे असे म्हणणाऱ्या संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावाच्या बाजूने भारताने मत दिले. १९८२ साली मुंबईतील इस्राईलचे वाणिज्यदूत योसेफ हासीन यांनी एका मुलाखतीत भारताच्या धोरणावर टीका केली म्हणून त्यांस देश सोडावा लागला, व पुढील काही वर्षे ते पद रिकामे राहिले. १९८८ साली भारताने पॅलेस्टाईनला राष्ट्र म्हणून मान्यता दिली. १६ डिसेंबर १९९१ रोजी १९७५ चा ठराव रद्द करण्याच्या बाजूने भारताने मत दिले आणि २९ जानेवारी १९९२ रोजी नरसिंह राव यांच्या सरकारने इस्राईलशी पूर्ण राजनैतिक संबंध प्रस्थापित केले. सोव्हिएत संघ कोसळला होता, अरब राष्ट्रे स्वतःच माद्रिदला इस्राईलसमोर बसली होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये गाझाविषयीच्या युद्धविरामाच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला, तर डिसेंबरमधील ठरावास त्याने पाठिंबा दिला. त्याच ऑक्टोबरात ‘ऑपरेशन अजय’ या नावाने तेथील भारतीयांना विमानांनी परत आणण्यात आले. ज्या कामाला १९५१ साली तेथे भारताचा माणूस नव्हता ते काम आता तेल अवीवमधील भारतीय वकिलात करते.

तिच्या दैनंदिन कामात पेण-रोहा पुन्हा येतात. परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे पत्र २००५ पासून मिळू लागले. ते मागणाऱ्याला स्वतः, अथवा आईबाप, आजाआजी किंवा पणजापणजी २६ जानेवारी १९५० रोजी किंवा नंतर भारताचे नागरिक होते, वा होण्यास पात्र होते, असे दाखवावे लागते. इस्राईलमध्ये लष्करी सेवा सक्तीची असल्याने अनेकांचे अर्ज अडत. ५ जुलै २०१७ रोजी तेल अवीव येथे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी अशी सक्तीची सेवा केलेल्यांनाही हे पत्र मिळेल असे जाहीर केले. महाराष्ट्राने २०१६ साली ज्यूंना अल्पसंख्याक समाज म्हणून मान्यता दिली. बौद्धांना ती मान्यता केंद्राने १९९३ साली दिली होती.

जुने भारतीय पारपत्र घरात जपलेले असेल तर काम सोपे. नसेल तर नातवंडे आजोबांच्या गावचा जन्मदाखला, शाळेचा दाखला शोधू लागतात. आजोबांच्या वेळी हा जिल्हा कुलाबा होता. १९८१ पासून तो रायगड आहे. ज्या चवदार तळ्यावर १९२७ साली माणूस म्हणून पाणी पिण्याचा हक्क बजावला गेला ते महाडही याच कुलाबा जिल्ह्यातले. तेल अवीवमधील अधिकाऱ्यापुढे जुना कागद येतो तेव्हा त्यावर गाव पेण किंवा रोहा असते, जिल्हा कुलाबा असतो, आणि अर्जदाराला तो मराठीतला कागद पुष्कळदा वाचता येत नाही.