अवयवदानाचा शुभंकर कसा असावा?

शाळेत अवयवदानावर चित्रकला स्पर्धा ठेवली, की एक चित्र हमखास येते. लालभडक हृदय, त्याला दोन हात, दोन पाय आणि चेहऱ्यावर हसू. शेजारी एकमेकांचा हात धरून उभी असलेली दोन मूत्रपिंडे. चित्र गोड असते, रंगवायला सोपे असते आणि बक्षीसही बहुधा त्यालाच मिळते. पण या विषयात जी गोष्ट समजायला सर्वांत अवघड आहे, नेमकी तीच हे चित्र झाकून टाकते, असे आम्हाला वाटते.

धाराशिव जिल्ह्यातल्या ढोकीसारख्या गावातील शाळेने असा शुभंकर तयार करायला घेतला, तर काय काय विचारात घ्यावे लागेल ते पाहू.

पहिला प्रश्न : दान कशाचे? आपल्याकडे नेत्रदान, देहदान आणि अवयवदान हे तीन शब्द एकाच अर्थाने वापरले जातात. माणूस घरी वारला, तर सहा तासांच्या आत नेत्रदान होऊ शकते, त्वचादानही होऊ शकते. देहदान वैद्यकीय महाविद्यालयाला, विद्यार्थ्यांच्या अभ्यासासाठी. मात्र मृत्यूनंतर हृदय, यकृत, मूत्रपिंडे घरून देता येत नाहीत, कारण रक्तप्रवाह थांबताच ती निकामी होऊ लागतात. हे अवयव सहसा मिळतात ते अतिदक्षता विभागात, कृत्रिम श्वासयंत्रावर असताना ‘मस्तिष्कस्तंभ मृत्यू’ झालेल्या व्यक्तीकडून. डोक्याला झालेला जबर अपघात किंवा मेंदूतील रक्तस्राव ही त्याची नेहमीची कारणे.

येथे थोडे थांबले पाहिजे. श्वास घेण्याची आज्ञा मस्तिष्कस्तंभातून येते. तो कायमचा नष्ट झाला, की माणूस स्वतःहून एकही श्वास घेऊ शकत नाही आणि शुद्ध परत येण्याचा मार्गही बंद होतो. हृदयाचे तसे नाही. त्याची लय त्याच्या स्वतःच्या पेशींमधून उमटते. महाविद्यालयात ज्यांनी बेडकाचे विच्छेदन केले आहे, त्यांनी शरीराबाहेर काढलेले हृदय क्षारद्रावणात धडधडताना पाहिले असेल. यंत्राने फुप्फुसात प्राणवायू पोहोचत राहिला, तर मस्तिष्कस्तंभ मृत्यूनंतरही हृदय काही तास, क्वचित काही दिवस चालते. ही बेशुद्धी (कोमा) नव्हे. बेशुद्ध माणूस जिवंत असतो, हा मृत असतो. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा महाराष्ट्रात फेब्रुवारी १९९५ पासून लागू आहे. त्यानुसार चार डॉक्टरांच्या मंडळाने किमान सहा तासांच्या अंतराने दोन वेळा तपासण्या करून हा मृत्यू नोंदवायचा असतो. प्रत्यारोपण करणारे डॉक्टर या मंडळात नसतात.

आता बाहेरच्या बाकावर बसलेल्या कुटुंबाची कल्पना करा. आत माणसाची छाती वरखाली होते आहे, हात ऊबदार आहे. आणि कोणीतरी हळूच विचारते, ‘अवयवदानाचा विचार कराल का?’ मृताने हयातीत दानपत्र भरले असले, तरी प्रत्यक्षात जवळच्या नातेवाइकांची संमती मिळाल्याशिवाय पुढे जात नाहीत. घरात हा विषय कधी निघालेलाच नसेल, तर त्या बाकावर उत्तर कोणाकडेच नसते. अवयवदानाची प्रतिज्ञा अठरा वर्षांवरील व्यक्तीलाच करता येते. म्हणून शाळेतल्या शुभंकराने मुलांकडून अर्ज भरून घेण्याच्या भानगडीत पडू नये. ‘आपल्या घरी यावर बोलणे झाले आहे का?’ एवढेच त्याने विचारावे.

हसऱ्या हृदयाकडे पुन्हा वळू. मराठीत माया काळजात असते आणि दुःख उरात दाटते. त्यात हृदयाला डोळे आणि तोंड काढले, की माणूस हृदयातच राहतो हे मुलाच्या मनात पक्के बसते. मग हृदय चालू आहे तोवर बाबा जिवंत आहेत, हा निष्कर्ष त्याने काढला तर त्याला दोष देता येईल का?

चित्रातले पात्र कसे घडवावे याचा एक चांगला धडा ‘मीना’मध्ये आहे. युनिसेफने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण आशियातील मुलींसाठी हे पात्र आणले, आणि मुंबईचे चित्रपटकार राम मोहन यांनी ते घडवले. वेगवेगळ्या देशांतील लोकांना चित्रे दाखवून, त्यांची मते घेऊन मीनाचा चेहरा आणि पोशाख ठरवला गेला. चित्रकाराला काय म्हणायचे आहे, यापेक्षा बघणाऱ्याला काय दिसते, हे तेथे महत्त्वाचे मानले गेले.

ढोकीत बघणाऱ्याला काय दिसेल? जवळच तेर आहे, संत गोरोबाकाकांचे गाव. त्यामुळे हात-पाय फुटलेले हसरे मडके कोणालाही प्रथम सुचेल. पण मडके अंत्यविधीतही असते, खांद्यावरून नेऊन फोडले जाते. आजारी माणूस असलेल्या घरात असे चित्र चिकटवायला कोण धजावेल? दुसरी कल्पना उसाची, कारण ढोकी हे तेरणा साखर कारखान्याचे गाव. तोडलेल्या उसातून खोडवा फुटतो. दिसायला छान, पण खोडवा म्हणजे तेच झाड पुन्हा वाढणे. अवयवदानात दाता परत येत नाही.

आम्हाला सर्वांत जवळचे वाटते ते कलम. गावठी बोरीच्या खुंटावर चांगल्या बोरीचा डोळा भरतात, हे या भागातील शेतकऱ्यांना सांगावे लागत नाही. वळवाच्या वादळात एक बोर बुंध्यापासून मोडून पडली आहे, असे चित्र काढावे. झाड संपले आहे, पण पाने अजून हिरवी आहेत. त्या हिरवेपणामुळे झाड उभे राहणार नाही, मात्र डोळे तेवढ्या वेळात काढले तर दुसऱ्या खुंटावर धरतात. फांदी ओल्या गोणपाटात गुंडाळून न्यावी लागते. अवयवही थंड द्रावणाने धुऊन बर्फात ठेवून नेतात. हृदयाला साधारण चार ते सहा तास मिळतात, मूत्रपिंडाला सुमारे एक दिवस.

आणि शुभंकर? ती गोणपाटात गुंडाळलेली फांदी घेऊन निघालेली खार. ती अवयव नाही, मृत व्यक्तीही नाही, आणि ‘खारीचा वाटा’ मराठी माणसाला समजावून द्यावा लागत नाही.

उपमेच्या मर्यादा शिक्षकांनी वर्गात जरूर सांगाव्यात. मोडलेल्या बोरीचे मूळ पुन्हा फुटू शकते, माणसाचे तसे होत नाही. वनस्पतीला आपल्यासारखी प्रतिकारयंत्रणा नसते, त्यामुळे कलमाला रोज औषध लागत नाही. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णाला मात्र प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बहुधा आयुष्यभर घ्यावी लागतात. शिवाय खार फांदी मनाला येईल त्या खुंटाकडे नेईल, अवयव तसा जात नाही. विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्राकडे प्रतीक्षायादी असते, मराठवाड्यासाठी हे केंद्र छत्रपती संभाजीनगरला आहे. यादीतला क्रम, रक्तगट आणि निकड पाहून वाटप होते.

रेखाटताना दोन पथ्ये. सुरी, कात्री, पैशाची पिशवी चित्रात नको, अवयवांच्या चोरीच्या अफवांना तेवढेही पुरते. आणि खारीच्या झोळीवर मुले हौसेने लाल फुली काढतील, ती काढू देऊ नये. रेडक्रॉसचे ते चिन्ह १९६० च्या जिनिव्हा करार कायद्याने संरक्षित आहे. जगभर वापरली जाणारी हिरवी फीत चालेल.

चित्र झाले, की त्यावर एकही अक्षर न लिहिता ते दहा जणांना दाखवावे. त्यात एखादी आजी असावी, बसस्थानकावरचा चहावाला असावा आणि बोरीला डोळे भरणारा एक तरी शेतकरी असावा. एकच प्रश्न विचारावा : ‘ही खार काय करते आहे?’ उत्तर ‘झाड लावते आहे’ असे आले, तर पडलेली बोर अधिक मोठी काढावी. ‘फांदी पळवते आहे’ असे आले, तर फांदी काखेतून काढून ओंजळीत द्यावी आणि पुन्हा दहा जणांना दाखवावे. हे दहा जण मात्र नवे असावेत.