बळ कमावताना (लेखांक ६) : आधी ताट मोजा, मग डबा

मागच्या लेखांकात व्यायामानंतर स्नायूत काय घडतं ते पाहिलं. वजन उचललं की तंतूंवर ताण येतो आणि पुढचा दिवसभर तरी शरीर त्यांची बांधणी नेहमीपेक्षा जोमाने करत राहतं. या बांधणीला लागणारी प्रथिनं आणायची कुठून, हा आजचा विषय. जिममध्ये याचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असतं : "डबा चालू कर." पोलीस भरतीची तयारी करणारा, घरून महिन्याला मोजके पैसे मिळणारा मुलगा मग अडीच हजारांचा, प्रथिनांच्या भुकटीचा डबा आणतो आणि मेसचं जेवण होतं तसंच चालू ठेवतो. डब्याला माझा विरोध नाही. पण त्या मुलाचं ताट कुणीच मोजलेलं नसतं, हे मला खटकतं.

तर आधी ताट मोजू. मेस शाकाहारी धरा, मुलाचं वजन ६० किलो. सकाळी पोहे आणि चहा, ६ ग्रॅम प्रथिनं. दुपारी तीन पोळ्यांचे १०, भाताचे ३, भाजीचे ३. वरणाकडे मात्र नीट बघा. शंभर ग्रॅम तूरडाळीत २२ ग्रॅम प्रथिनं असतात, हे खरं. पण ते कोरड्या डाळीचं माप झालं. घरच्या वाटीभर घट्ट वरणात डाळ असते जेमतेम २५-३० ग्रॅम, म्हणजे प्रथिनं ६. मेसचं वरण तेवढं घट्ट नसतं, म्हणून ४ धरू. संध्याकाळच्या चहा-बिस्किटाचे ३. रात्री दोन भाकऱ्यांचे १२, भाजी आणि पातळ आमटीचे मिळून ६. बेरीज ४७.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरवलेलं प्रमाण दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम आहे. त्या हिशेबाने या मुलाला ५० ग्रॅम हवेत. म्हणजे व्यायाम न करणाऱ्या माणसाची गरजसुद्धा इथे थोडक्यात हुकते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातले रॉबर्ट मॉर्टन, स्टुअर्ट फिलिप्स आणि त्यांचे सहकारी यांनी २०१८ साली ४९ अभ्यास आणि १८६३ माणसांची माहिती एकत्र तपासली. वजनं उचलणाऱ्यांना दर किलोमागे साधारण १.६ ग्रॅमपर्यंत प्रथिनं वाढवल्याचा फायदा होतो आणि त्यापुढे स्नायूंत फारशी भर पडत नाही, असं त्यातून दिसलं. आपल्या मुलासाठी हा आकडा ९६ होतो. तूट जवळपास पन्नास ग्रॅमची. घरचं जेवण चौरस असतं, त्यातून सगळं मिळतं, असं म्हणणाऱ्यांनीही ही बेरीज एकदा स्वतःच्या ताटावर करून पाहावी. आपलं रोजचं शाकाहारी जेवण प्रथिनांत खरोखर कमी पडतं.

याच तपासणीतली दुसरी गोष्ट जाहिरातीत कधी सापडत नाही. पूरक प्रथिनं घेतलेल्यांना, ती न घेता तोच व्यायाम करणाऱ्यांपेक्षा, सरासरीने मिळालेली जास्तीची कमाई होती सुमारे ०.३ किलो. स्नायू वाढण्यात सिंहाचा वाटा व्यायामाचाच. प्रथिनं कमी पडली तर व्यायामाचं पुरतं फळ मिळत नाही, हे बरोबर. पण ती दुप्पट-तिप्पट केल्याने व्यायामाचं फळ दुप्पट होत नाही.

ताटाची बाजू घेणारे लगेच कोल्हापूरचं नाव घेतात, आणि ते योग्यच आहे. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींनी पिढ्यान् पिढ्या मल्ल घडवले, तेही कुठल्याही डब्याशिवाय. जोर-बैठका आणि मातीतली लढत झाली की थंडाई घोटायला घ्यायची. रात्री भिजवलेले बदाम सोलायचे, ते खसखस, बडीशेप, मगज, मिरी यांच्यासोबत कुंडीत घालायचे, लाकडी दांड्याने लोण्यासारखे घोटायचे आणि फडक्यातून गाळून दुधात मिसळायचे. गावभर कौतुक बदामांचं होतं. पण पन्नास बदाम, म्हणजे साठेक ग्रॅम, घेतले तरी प्रथिनं भरतात बाराच ग्रॅम, आणि त्यातली काही फडक्यातल्या चोथ्यात राहतात. खरं काम दूध करतं. म्हशीच्या लिटरभर दुधात ३६-३८ ग्रॅम प्रथिनं असतात आणि पैलवान रोज दोन-दोन लिटर दूध रिचवतो. वर अंडी आणि मटण. बदाम आणि तुपाचं काम वेगळं : ते ऊर्जा पुरवतात. पोटात पुरेशी ऊर्जा नसेल तर शरीर प्रथिनंच सरपणासारखी जाळून टाकतं. दिवसात दोन वेळा घाम गाळणाऱ्या पैलवानाला हा खुराक पचतो. तासभर जिम करून दिवसभर खुर्चीत बसणाऱ्याने तोच घेतला तर आधी पोट सुटेल. आणखी एक सांगायला हवं. कट्ट्यावर समोर पिळलेलं धारोष्ण दूध पिण्याची कोल्हापुरात रीत आहे, पण न तापवलेल्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षयासारखे आजार येऊ शकतात. दूध उकळल्याने त्यातली स्नायूंच्या कामाची प्रथिनं कमी होत नाहीत. तापवूनच प्या.

आता डब्यात काय असतं ते पाहू. व्हे प्रोटीन म्हणजे दुधाचाच भाग. दुधातल्या प्रथिनांत सुमारे ८० टक्के केसीन असतं आणि २० टक्के व्हे. चीज बनवताना केसीन गोठून वेगळं होतं, उरलेल्या पाण्यात व्हे राहतं; ते गाळून, वाळवून भुकटी करतात. घरी पनीर केल्यावर उरणारी निवळी म्हणजे हेच, असं काहीजण समजतात, पण तसं नाही. पनीरसाठी आपण दूध उकळतो, त्या उष्णतेने बरंचसं व्हेसुद्धा केसीनबरोबर चोथ्यात येतं. निवळीत थोडंच उरतं.

व्हेचे गुण खरे आहेत. ते लवकर पचतं आणि त्यात ल्युसिन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. स्नायूंची बांधणी सुरू करण्याचा इशारा ल्युसिन देतं. एका स्कूपमधून ते अडीच ग्रॅमच्या आसपास मिळतं. तेवढ्यासाठी चार-पाच अंडी खावी लागतात. पण व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात शेकर तोंडाला लावलाच पाहिजे, ही घाई निराधार आहे. दिवसभरात एकूण किती प्रथिनं पोटात गेली, हे जास्त महत्त्वाचं.

अख्ख्या अन्नात प्रथिनांखेरीजही पुष्कळ काही असतं. इलिनॉय विद्यापीठात २०१७ साली दहा तरुणांवर एक प्रयोग झाला. व्यायामानंतर एकदा अख्खी अंडी दिली, एकदा नुसता पांढरा बलक. प्रथिनं दोन्ही वेळा १८ ग्रॅमच. अख्ख्या अंड्यांनंतर स्नायूंची बांधणी जास्त वेगाने झाली. हे काही तासांचं मोजमाप आहे, त्यावरून महिन्यांचा हिशेब मांडता येत नाही. तरीही पिवळा बलक फेकून देणाऱ्या मुलांना मी हा प्रयोग आवर्जून सांगेन. शाकाहारी मुलांनीही खचून जाऊ नये. डाळीत मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी, धान्यात लायसिन हे कमी. वरण-भात किंवा उसळ-भाकरी एकत्र आली की दोन्ही उणिवा भरून निघतात. ब्राझीलमधल्या साओ पावलोत २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दूधही न घेणारे तरुण आणि मांसाहारी तरुण यांना बारा आठवडे सारखाच व्यायाम दिला. प्रथिनं दोघांनाही दर किलोमागे १.६ ग्रॅम मिळतील अशी पाहिली, त्यासाठी एका गटाला सोयाची आणि दुसऱ्याला व्हेची भुकटी दिली. स्नायू दोघांचे सारखेच वाढले.

मग त्या मुलाची पन्नास ग्रॅमची तूट कशी भरायची? चार अंड्यांचे २४, अर्धा लिटर दुधाचे १८, मूठभर शेंगदाण्यांचे ७. झाली भरून. अंडी चालत नसतील तर पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्या, २६ ग्रॅम. खोलीवर गॅस नसला तरी विजेच्या किटलीत अंडी उकडता येतात आणि वड्याही भिजतात. पैशांचं म्हणाल तर अडीच हजारांच्या किलोभर डब्यात साडेसातशे ग्रॅम प्रथिनं धरा. ग्रॅमला सव्वातीन रुपये पडले. सात रुपयांच्या अंड्यातून तोच ग्रॅम सव्वा रुपयाच्या आत मिळतो, दुधातून दोन रुपयांच्या आसपास, शेंगदाण्यातून रुपयाच्या आत आणि सोयाबीन वड्यांतून त्याहूनही स्वस्त. भाव वर-खाली होतील, क्रम सहसा बदलणार नाही. मास गेनर नावाचे मोठे डबे तर घेऊच नका. त्यात बहुतांश माल्टोडेक्स्ट्रिनसारखी पिष्टमय भुकटी असते आणि प्रथिनं थोडी.

भेसळीचा प्रश्नही आहे. केरळमधल्या डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकले जाणारे ३६ प्रथिन-डबे तपासले गेले, त्याचा अहवाल २०२४ साली 'मेडिसिन' या नियतकालिकात आला. त्यातल्या २५ डब्यांत प्रथिनांचं प्रमाण लेबलशी जुळत नव्हतं, काहींत तर निम्म्याहूनही कमी होतं. थोड्या डब्यांत बुरशीजन्य विष आणि कीटकनाशकांचे अंशही सापडले. त्याच वर्षी राष्ट्रीय पोषण संस्थेने शरीर कमावण्यासाठी अशी पूरकं टाळा, असा सल्ला दिला. सर्वसामान्यांसाठी तो मला योग्य वाटतो. मूत्रपिंडाच्या भीतीबद्दल मात्र स्पष्ट लिहितो : निरोगी माणसाला वर सांगितलेल्या प्रमाणातल्या प्रथिनांनी इजा झाल्याचं आढळलेलं नाही, पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिनं वाढवू नयेत, ना डब्यातून ना ताटातून.

फिरतीची नोकरी असलेले, मांस-अंडी न खाणारे, किंवा भूक मंदावल्यामुळे ताटभर जेवण न जाणारे, यांना एखादा स्कूप उपयोगी पडतो. घ्यायचाच तर लेबलवर घटकांची यादी छोटी असावी, अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा परवाना क्रमांक असावा आणि स्वतंत्र प्रयोगशाळेचा अहवाल त्या डब्याच्या बॅच क्रमांकासह पाहायला मिळावा. वयस्कांची गरज तर तरुणांपेक्षा निकडीची आहे. पासष्टीनंतर स्नायू प्रथिनांना सहज दाद देत नाहीत, म्हणून दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम घ्यायला सांगतात. आणि आपल्याकडे सकाळी चहा-खारी, रात्री दूध-भात एवढ्यावर भागवणारे आजी-आजोबा घरोघर आहेत. त्यांच्या नाश्त्याला एखादं अंडं किंवा वाटीभर मूगडाळीचं धिरडं, रात्रीच्या भाताबरोबर घट्ट वरण आणि दही, एवढं आजपासून सुरू करता येईल. दिवसातून काही वेळा खुर्चीतून उठ-बस करायला सांगितलं, तर त्या प्रथिनांना कामही मिळेल.

पुढच्या लेखांकात : क्रिएटिन.